दहावीसाठी करिअर मार्गदर्शन: एका दिवसाच्या मेळाव्याऐवजी नेमकं काय करावं?

खडू_डस्टर

गोवंडीतली अनुदानित, मराठी माध्यमाची शाळा. आठवी ते दहावी मिळून सहा तुकड्या. यंदा करिअर मार्गदर्शनाचं काम माझ्याकडे आलंय. शाळेची पद्धत अशी की फेब्रुवारीत एखादा वक्ता बोलवायचा, दोन तास भाषण, शेवटी फोटो. त्यातून मुलांच्या हाती काही पडत नाही. बहुतेकांच्या घरात दहावीपर्यंत पोचणारं हे पहिलंच मूल. मुलींना कुर्ल्याच्या पुढे कॉलेजला पाठवायला पालक का-कू करतात. दोन-तीन मुलांना तोंडी सगळं येतं, पण पेपर कोरा. कोणत्या महिन्यात काय हाती घ्यावं, ते सांगा. वेबसाइटच्या याद्या नकोत, त्या ढिगाने आहेत.

जनरल_रजिस्टर

सर, सुरुवात कागदांपासून करा आणि तीही आठवीत. मार्क असूनही मुलं मागे राहतात ती दाखल्यांपायी.

जूनमध्ये एक तक्ता करा. एका रकान्यात जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतलं) नाव, दुसऱ्यात आधारवरचं, तिसऱ्यात बँक पासबुकावरचं. आईच्या नावाचं स्पेलिंग, आडनाव आधी की शेवटी, जन्मतारीख, सगळं समोरासमोर लावा. रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असेपर्यंत शिक्षण निरीक्षकांच्या मंजुरीने दुरुस्त होते. तीच चूक दहावीच्या प्रमाणपत्रावर उमटली की वाशीच्या विभागीय मंडळाकडे चकरा. बोर्डाची प्रीलिस्ट, म्हणजे परीक्षेला बसणाऱ्यांच्या तपशिलांची तपासायची यादी, येते तेव्हा ती पालकांना घरी न देता शाळेत बोलावून, मुलाला मोठ्याने वाचायला लावून सही घ्या. घरी दिलेली प्रीलिस्ट न वाचताच सही होऊन परत येते.

जातीच्या दाखल्यात मुंबईची खास अडचण आहे. पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी शासनाने ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि एसबीसींना (विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला कुटुंब बीडला किंवा जालन्याला राहत असेल तर अर्जही तिथल्याच उपविभागीय अधिकाऱ्याकडे. म्हणजे आजोबांच्या गावच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा (शाळेत दाखल झाल्याची आणि सोडल्याची नोंद) हवा. माणसं मे महिन्यात गावी जातात, म्हणून एप्रिलच्या पालकसभेत एका चिठ्ठीवर लिहून द्या: कोणाचा उतारा, कोणत्या शाळेतून, जातीचा रकाना भरलेला आहे ना ते बघून घ्या. नुसतं ‘कागद आणा’ म्हटलं तर रेशनकार्डाची झेरॉक्स येते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. निकालानंतर सेवा केंद्रांवर झुंबड उडते, त्यामुळे तो आधीच काढून ठेवायला सांगा.

बँकेचंही एक बघा. खात्याला आधार ‘लिंक’ असणं पुरेसं नाही, एनपीसीआयकडे (बँकांमधली देवाणघेवाण हाताळणारं महामंडळ) त्या खात्याचं सीडिंग, म्हणजे आधारवर येणारे पैसे याच खात्यात टाका अशी नोंद, असावं लागतं. दोन खाती असतील तर शिष्यवृत्तीचे पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात आणि पालक भलत्याच पासबुकात एंट्री शोधत बसतात.

मॅट_आणि_सॅट

वरच्यांशी सहमत. त्यात आठवीसाठी एनएमएमएसची (केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) भर घालतो. अनुदानित शाळेने ही परीक्षा सोडणं म्हणजे हातातला घास टाकणं.

नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५०. राज्य परीक्षा परिषद ती साधारण डिसेंबरमध्ये घेते. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९०, प्रत्येकी ९० मिनिटं. शालेय पेपरात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. पात्रतेला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ३२. उणे गुण नाहीत, तरी मुलं शेवटचे पंधरा-वीस प्रश्न कोरे ठेवून येतात. जुलैपासून आठवड्यात दोन तासिका फक्त बौद्धिक क्षमतेला द्या आणि घड्याळ लावून सोडवून घ्या. अंकमालिका, आकृत्यांचं आरशातलं प्रतिबिंब, वेन आकृत्या, सांकेतिक भाषा हे प्रकार शाळेत शिकवलेच जात नाहीत, म्हणून फरकही इथेच पडतो.

पास होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. निवड जिल्ह्याच्या कोट्यातून होते. मराठा-कुणबी मुलं पात्र ठरूनही निवड यादीत नसतील तर सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती असते. तिची सूचना वेगळी निघते, ती नजरेतून सुटू देऊ नका.

निवडीनंतर खरी गळती सुरू होते. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर पहिल्या वर्षी नवीन अर्ज, पुढे दरवर्षी नूतनीकरण. अर्ज आधी शाळेने पडताळायचा, मग जिल्ह्याने. शाळेच्या लॉगिनला पडून राहिला की त्या वर्षाचे पैसे गेलेच. पोर्टलचा पासवर्ड एकट्या क्लार्ककडे ठेवू नका.

मशिनशॉप

दहावीनंतर अकरावी आणि अकरावीनंतर बघू, हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला. त्याऐवजी नववीतच अकरावी, आयटीआय आणि डिप्लोमा या तिन्ही वाटा शेजारी-शेजारी मांडा.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. प्रवेश राज्याच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो आणि मुलींना ३० टक्के जागा. डिप्लोमा तीन वर्षांचा, अर्जाला दहावीत ३५ टक्के पुरतात. शासकीय तंत्रनिकेतन वांद्र्याला आहे. डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, त्यांना सांगा की एमएसबीटीईने (राज्य तंत्रशिक्षण मंडळ) मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय दिलेला आहे.

गोवंडीच्या मुलांना एक जागा हमखास माहीत नसते: माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यातलं अप्रेंटिस. आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास असे तीन गट असतात आणि निवड परीक्षेतून होते. शिकताना स्टायपेंड मिळतो. वयाची अट घट्ट असते, त्यामुळे एक-दोन वर्षं वाया गेलेली मुलं इथे बाद होतात. जाहिरात आली की जन्मतारखांची यादी घेऊन बसा.

एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या मुभेवर) अकरावी घेता येते आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. निकालाच्या दिवशी हे सांगायला शाळेत कोणीतरी थांबलंच पाहिजे. त्या आठवड्यात जे कामाला लागतात ते परत येत नाहीत.

कलचाचणी वगैरे घ्यायला हरकत नाही, पण तिचा निकाल म्हणजे पालकांशी बोलायचं निमित्त, एवढंच.

खडू_डस्टर

हे सगळं शाळेत लावता येण्यासारखं आहे. राहिले दोन प्रश्न: लिहिताना अडणारी मुलं आणि मुलींचं कॉलेज.

शीव_ओपीडी

लिहिताना अडणाऱ्यांना आठवीतच अध्ययन अक्षमतेच्या तपासणीला पाठवा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नायरमध्ये ती होते. मुख्याध्यापकांचं पत्र, मागची प्रगतिपत्रकं आणि मुलाच्या वहीची किंवा उत्तरपत्रिकेची झेरॉक्स सोबत द्या. डोळे आणि कान आधी तपासले जातात, मग बुद्ध्यांक, मग शैक्षणिक चाचणी. एका खेपेत होत नाही, तारखा लांबच्या मिळतात. पालकांची रोजंदारी बुडते म्हणून दुसऱ्या खेपेला कोणी जात नाही. शक्य असेल तर शाळेने कोणाला तरी सोबत द्यावं.

प्रमाणपत्र मिळालं की सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत वाशीला. तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, तोही खालच्या इयत्तेतला. गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं गणित घेण्याचा पर्याय मात्र डोळे मिटून भरू नका. मार्क वाढतात, पण सायन्स आणि डिप्लोमाची दारं लागतात. फेब्रुवारीत जागं होऊन यातलं काहीच मिळत नाही.

चॉइस_कोड

मुलींचं सांगते. पालकांशी अंतरावर वाद घालू नका, कोडवर बोला.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात एकाच कॉलेजचे वेगवेगळे कोड असतात: अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित. इमारत तीच, फी निराळी. अनुदानित तुकडीत मुलींची शिक्षण फी माफ असते, तर शेजारच्या स्वयंअर्थसहाय्यित तुकडीला हजारोंनी पैसे लागतात. आणि वर एनएमएमएसचं निघालंच आहे म्हणून: ती शिष्यवृत्ती विनाअनुदानित संस्थेत गेल्यावर बंद होते. दहावीत ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५५, हीही अट आहे. दोन वर्षांचे २४,००० एका चुकीच्या कोडपायी जातात.

२०२५ मध्ये किमान एक आणि कमाल दहा पसंतीक्रम होते. पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर ‘बघू तरी लागतं का’ म्हणून नामांकित कॉलेज टाकायचं नाही. घरचे पाठवणार असतील तेच टाकायचं. त्यासाठी मे महिन्यात आई-वडिलांना मुलीसोबत शाळेत बसवा. गोवंडीहून हार्बरने चेंबूर आणि कुर्ला गाडी न बदलता होतं. तिथले अनुदानित कोड आधी लिहा, मग दादर-माटुंगा. फॉर्म सायबरवाल्याकडे भरला तर लॉगिन आणि पासवर्ड मुलीच्या वहीत उतरवून घ्या, मोबाइल नंबर घरचाच द्या. ओटीपी सायबरवाल्याच्या फोनवर आणि तो गावी, असं होतं.

पुढे पदवीला व्यावसायिक अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. हे बापाला दहावीतच सांगा. लग्नाची घाई करणाऱ्या घरात या एका वाक्याने दोन वर्षं पदरात पडतात.