स्लो कुकरमधल्या हॅमवर चकचकीत ग्लेझ कसे आणावे?

मंदाग्नी:

नाताळच्या जेवणासाठी हाडासकट, आधीच गोलाकार चकत्या पाडलेले सुमारे साडेतीन किलोचे हॅम (मुरवलेले डुकराचे मांस) आणले आहे. त्या दिवशी ओव्हन इतर पदार्थांनी अडलेला असेल, त्यामुळे हॅम ६ लिटरच्या लंबगोल स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, करावे असा विचार आहे. वाचलेल्या बहुतेक पाककृतींत ब्राऊन शुगर, मध, मस्टर्ड आणि फळाचा रस यांचे मिश्रण, म्हणजेच ग्लेझ, सुरुवातीलाच हॅमवर ओतून झाकण लावायला सांगितले आहे. मात्र सोबतच्या छायाचित्रांत जो तांबूस, चकचकीत, कडेला किंचित करपलेला थर दिसतो, तो झाकणाखालच्या वाफेत कसा तयार होत असेल हे मला उमगलेले नाही. शिवाय वेळेबाबत एकवाक्यता नाही. कोणी ‘लो’वर ८ तास सांगतात, तर कोणी ३ तासांत उरकतात. तिसरी अडचण अगदीच ढोबळ आहे: हॅम भांड्यात बसते, पण झाकण दोन बोटे वर राहते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सांडशी:

आपली शंका रास्त आहे. तो थर स्लो कुकरमध्ये तयार होतच नाही, आणि ज्या पाककृती तसे भासवतात त्यांनी शेवटची पायरी एक तर गाळलेली असते किंवा एखाद्या ओळीत दडवलेली असते. झाकणाखालचे तापमान फार तर पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास पोहोचते. साध्या साखरेचे कॅरमल व्हायला सुमारे १६० अंश सेल्सिअस लागतात. मांसाचा पृष्ठभाग खरपूस तांबूस होण्याच्या क्रियेलाही खरा वेग येतो तो १४० अंशांच्या पुढे, आणि तोही पृष्ठभाग कोरडा असेल तरच. इथे तर वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा हॅमवरच ठिबकतात. भरीस भर म्हणून तापताना हॅम स्वतःचा रसही सोडते. सुरुवातीला ओतलेले ग्लेझ त्या रसात विरघळून तळाशी जमा होते. मांसाला त्याचा गोडसर स्वाद लागतो हे खरे, पण चकाकी येत नाही.

म्हणून दोन कामे वेगळी करावीत, असे मी सुचवेन. स्लो कुकरकडून फक्त हॅम आतपर्यंत सावकाश गरम करून घ्यावे, आणि ग्लेझ गॅसवर वेगळ्या पातेल्यात आटवून शेवटी लावावे. साडेतीन किलोच्या हॅमसाठी एक वाटीभर, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम ब्राऊन शुगर, दोन मोठे चमचे मस्टर्ड, दोन मोठे चमचे सायडर व्हिनेगर आणि पाव वाटी संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस पुरेसा होतो. हे मिश्रण मध्यम आचेवर ठेवले की आधी बारीक, फेसाळ बुडबुडे येतात; पाणी उडत गेले की बुडबुडे मोठे आणि जड होतात, सावकाश फुटू लागतात, आणि चमच्याच्या पाठीवर बोट ओढले तर रेघ तशीच राहते. त्या क्षणी गॅस बंद करावा. पातेल्यात ते थोडे पातळच वाटते, पण निवताना आणखी घट्ट होते. त्यापुढे आटवले तर ब्रशला चिकटून बसते.

मग हॅम उथळ ट्रेमध्ये काढावे, वरचा ओलसरपणा कागदी रुमालाने टिपून घ्यावा, ग्लेझचा निम्मा भाग ब्रशने लावावा आणि २२० अंशांच्या ओव्हनमध्ये १० ते १५ मिनिटे ठेवावे. मध्ये एकदा बाहेर काढून उरलेला भाग लावावा. टिपून घेण्याचे काम अनेक जण टाळतात, परंतु ओल्या पृष्ठभागावर लावलेले ग्लेझ घसरून ट्रेमध्ये जाते. ओव्हन अडलेला असेल, तर इतर पदार्थ बाहेर काढून तो रिकामा झाला की ही पंधरा मिनिटे सहज मिळतात, कारण तो तेव्हा तापलेलाच असतो. मात्र स्लो कुकरचे चिनीमातीचे भांडे तसेच उचलून ग्रिलच्या ज्वाळेखाली ठेवू नये. एकदम बदललेल्या तापमानाने ते तडकू शकते.

आता वेळेविषयी. आपल्या वेष्टनावर ‘पूर्ण शिजवलेले’ असे छापलेले आहे का, ते आधी पाहावे. तसे असेल तर हे शिजवणे नसून निव्वळ गरम करणे आहे. कारखान्यातील मूळ वेष्टनातले असे हॅम आतून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की काम झाले. हाडासकट साडेतीन किलोच्या तुकड्याला ‘लो’वर साधारण ४ ते ५ तास लागतात, हाड नसलेला लहान तुकडा ३ तासांतही होतो, आणि तफावतीचे एक कारण हेच आहे. दुसरे कारण असे की ८ तास सांगणाऱ्यांना बहुधा तंतू सुटे होतील इतके मऊ मांस हवे असते. चकत्यांच्या हॅमला तो मार्ग मानवत नाही, कारण चिरलेल्या प्रत्येक फटीतून रस निघून जातो आणि चकत्या भुसभुशीत लागतात. साडेतीन तासांनंतर थर्मामीटर हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसून पाहावा. रंगावरून अंदाज करू नये. हॅम मुरवताना घातलेल्या नायट्राइटमुळे ते कितीही तापवले तरी गुलाबीच राहते.

उलथणे:

झाकणाच्या अडचणीवर उपाय सोपा आहे. जाड फॉइलचे दोन थर घेऊन त्यांचा भांड्यावर घुमटासारखा तंबू करावा आणि फॉइल भांड्याच्या काठाभोवती घट्ट दाबून बसवावे. जिथे फट राहील तिथून वाफ निसटते आणि वेळ वाढतो, म्हणून काठाकडे विशेष लक्ष द्यावे. झाकण उगीच वर टेकवून ठेवू नये. अंतर फारच असेल तर पायाच्या नळीच्या हाडाकडील निमुळत्या टोकाचा थोडा भाग धारदार सुरीने कापून बाजूला सारावा. तो तुकडा त्याच भांड्यात कडेला बसतो.

ठेवताना कापलेली सपाट बाजू खाली असावी, म्हणजे चकत्या रसात राहतात आणि वाळत नाहीत. तळाशी अर्धी वाटी पाणी किंवा रस पुरे. हॅम पोहायला घालायचे नाही. आणखी एक गोष्ट, जी वेष्टनावर क्वचितच ठळकपणे लिहिलेली असते: हाडाच्या टोकाला प्लॅस्टिकची पारदर्शक चकती बसवलेली असू शकते. ती मांसाच्या रंगात इतकी मिसळून जाते की नजरेतून सहज सुटते. जाळी आणि आतली ग्लेझची पुडी यांच्याबरोबर तीही काढून टाकावी.

हॅम गोठलेले असेल तर तसेच स्लो कुकरमध्ये घालू नये. ते फार वेळ कोमट अवस्थेत रेंगाळते, आणि ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. फ्रिजमध्ये दर दोन किलोंमागे सुमारे एक दिवस धरून ते आधी वितळवून घ्यावे.

खमंग:

सांडशी यांचे शास्त्र मान्य, पण ओव्हनशिवाय गत्यंतर नाही, या मताशी मी सहमत नाही. पाहुण्यांना सगळे हॅम ताटात मांडून दाखवायचे नसेल आणि चकत्या सुट्या करूनच वाढायच्या असतील, तर घट्ट आटवलेले ग्लेझ गरम चकत्यांवर सोडले तरी चव उत्तम लागते. कडा खरपूस हव्याच असतील तर हातात धरायची ब्लोटॉर्च वापरता येते. ज्वाळा एका जागी न थांबवता सतत फिरवत ठेवली की साखर क्षणात बुडबुडते आणि गडद होते. ज्यांचा ओव्हन खरोखरच मोकळा होणार नाही, त्यांनी एवढ्या कारणासाठी बेत बदलू नये.

सांडशी:

ब्लोटॉर्चचा उपाय चालेल, यात वाद नाही. फक्त साडेतीन किलोचा पृष्ठभाग मोठा असतो, आणि ज्वाळा जिथे जरा जास्त रेंगाळते तिथे साखर कडवट होते. ओव्हन ते काम सगळीकडे सारखे करतो. चकत्यांवर वरून ओतलेल्या ग्लेझला मात्र मी सॉस म्हणेन. तो चविष्ट असतोच, परंतु मूळ प्रश्न चकाकीचा होता.

मंदाग्नी:

सर्वांचे आभार. वेष्टन तपासले, ‘पूर्ण शिजवलेले’ असेच छापले आहे, आणि ती प्लॅस्टिकची चकतीही खरोखरच सापडली. अजून थोडे विचारते. भांड्याच्या तळाशी जमलेला रस ग्लेझमध्ये आटवला तर स्वाद वाढेल का? अननसाच्या ताज्या फोडी हॅमभोवती ठेवाव्यात का? आणि जेवण लांबले तर हॅम ‘वॉर्म’वर किती वेळ ठेवता येईल?

लवंगलतिका:

रसाबाबत जरा हात आखडता ठेवावा. हॅम मुळातच खारवलेले असते, त्यामुळे त्यातून सुटलेला रसही खारट असतो, आणि आटवताना फक्त पाणी उडते, मीठ तसेच राहते. दोन वाट्या रस अर्ध्या वाटीवर आणला तर ते ग्लेझ जिभेवर ठेववणार नाही. आधी रसावरची चरबी चमच्याने काढून टाकावी, मग चाखून पाहून दोन-तीन मोठे चमचेच ग्लेझमध्ये मिसळावेत. वेगळे मीठ अर्थातच घालू नये. उरलेल्या रसाचा सॉस करायचा असल्यास तो आटवण्याऐवजी बिनमिठाच्या स्टॉकने पातळ करून थोड्या कॉर्नफ्लोअरने दाट करावा. आटवणे आणि दाट करणे यांतला फरक इथे चवीला फार जाणवतो.

ताजा अननस मी टाळेन. त्यात ब्रोमेलेन नावाचे विकर असते, जे प्रथिनांचे तुकडे करते. कडक आचेवर ते लवकर निष्प्रभ होते, पण स्लो कुकर हळूहळू तापतो आणि त्याला काम करायला भरपूर अवधी देतो. परिणामी फोडी टेकलेल्या जागी मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. डबाबंद अननस डब्यात भरताना उष्णतेने प्रक्रिया केलेला असतो, त्यामुळे त्याची ही भीती नाही. लवंगाही बेताने वापराव्यात. ओव्हनमध्ये हॅमभर लवंगा टोचल्या तरी त्यांचा दर्प बराचसा उडून जातो, बंद भांड्यात मात्र तो कोंडून राहतो. चार-पाच लवंगा तळाच्या रसात टाकल्या तरी खूप झाल्या. माझ्या टोपणनावाकडे पाहून हा सल्ला कोणाला विसंगत वाटेल, पण तो मनापासून दिलेला आहे.

खमंग:

चरबीचा थर असलेला भाग वर येत असेल तर त्यावर सुरीने उथळ, तिरक्या चौकडीच्या रेघा माराव्यात. ग्लेझ त्या खाचांत थांबते. आधीच चकत्या पाडलेल्या हॅमला याची गरज नाही. उलट ग्लेझ लावताना ब्रशचे टोक चकत्यांच्या मधे थोडे शिरवावे, नाहीतर गोडवा वरच्या वर राहतो आणि आतल्या चकत्या कोरड्या लागतात.

सांडशी:

‘वॉर्म’विषयी: ते बटण गरम पदार्थ गरम राखण्यासाठी असते, थंड पदार्थ तापवण्यासाठी नव्हे. हॅम एकदा ६० अंशांवर पोहोचले आणि त्याखाली उतरले नाही, तर सुरक्षिततेच्या दृष्टीने तासभर थांबायला हरकत नाही. प्रश्न पोताचा आहे. चकत्या सुटू लागतात आणि भांड्यातून अखंड उचलणे कठीण होते, म्हणून तासापेक्षा जास्त थांबण्याची वेळ येणार असेल तर मुळात कुकरच उशिरा सुरू करावा. झाकण वारंवार उघडून पाहण्याचा मोहही आवरावा. प्रत्येक वेळी कोंडलेली उष्णता निघून जाते आणि एकूण वेळेत वीस ते तीस मिनिटांची भर पडते.

इतर वाचकांसाठी एक खुलासा करतो. वर सांगितलेले ६० अंश हे केवळ मूळ वेष्टनातल्या, पूर्ण शिजवलेल्या हॅमसाठी आहेत. दुकानात पुन्हा बांधून दिलेले किंवा आदल्या जेवणातून उरलेले हॅम ७४ अंशांपर्यंत तापवावे लागते, आणि उरलेल्यासाठी स्लो कुकर योग्य नाही. ते ओव्हनमध्ये किंवा गॅसवर गरम करावे. वेष्टनावर ‘खाण्यापूर्वी शिजवा’ असे लिहिलेले हॅम कच्चेच समजावे. ते आतून किमान ६३ अंशांवर न्यावे, नंतर निदान तीन मिनिटे तसेच राहू द्यावे, आणि त्याला लागणारा वेळही अर्थातच जास्त धरावा.

उलथणे:

जेवण आटोपल्यावर दोन तासांच्या आत उरलेले हॅम हाडापासून सोडवून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये ठेवावे. चकत्यांचे हॅम फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहते. हाडाला चिकटलेले मांस खरवडत बसू नये. हाड तसेच गोठवून ठेवले, तर पुढे डाळीच्या किंवा वाटाण्याच्या सूपमध्ये ते अख्खे घालता येते, आणि त्या सूपलाही शेवटी चाखल्याशिवाय मीठ घालू नये.