अटकेनंतरची अंगझडती आणि पावती

प्रश्न (सिंधुदुर्ग): बंदरावरील मारामारीत माझ्या चुलतभावाला काल अटक झाली. कोठडीत नेण्यापूर्वी पाकीट, मोबाईल आणि गळ्यातील चांदीची साखळी काढून घेतली, परंतु पावती दिली नाही. हे कायदेशीर आहे का?

उत्तर (रत्नागिरी): झडती कायदेशीर आहे, पावती नाकारणे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ नुसार, अटकेतील व्यक्तीला जामिनावर सोडता येत नसेल किंवा ती जामीन देऊ शकत नसेल, तर पोलीस अधिकारी तिची झडती घेऊन आवश्यक कपड्यांखेरीज सर्व वस्तू सुरक्षित ताब्यात ठेवू शकतो. मात्र घेतलेल्या वस्तूंची पावती त्याने दिलीच पाहिजे. साखळीचे वजनही लिहून घ्यावे, पुढे तंटा नको.

उत्तर (वेंगुर्ले): स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनता काटेकोरपणे जपून घ्यायची असते. रक्ताचा नमुना घेणे ही निराळी बाब असून ते काम कलम ५१ खाली नोंदणीकृत डॉक्टरांचे आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आता दाद कोणाकडे मागावी?

उत्तर (रत्नागिरी): प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते. वकिलांमार्फत तिथेच लेखी तक्रार नोंदवा.