मदत हवी आहे: लेकीचं डीओ कॉलेज आणि स्मरणिकेतले ६० शब्द

नमस्कार. मी इथे वाचनमात्रच असते, पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय, आधी कोणी काढला असेल तर लिंक द्या, हा बंद करते.

आम्ही न्यू जर्सीत, लेक मिडवेस्टात एका ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला (कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही). म्हणजे डिग्री एमडी (अमेरिकेतली नेहमीची डॉक्टरकीची पदवी) नाही, डीओ. आमच्या मंडळाची स्मरणिका गणपतीला निघते, त्यात 'गुणवंत मुलं' असं एक पान असतं, प्रत्येकाला ६० शब्द आणि एक फोटो. मी लेकीचं पाठवलं तर समितीतल्या एका काकांचा फोन, "वहिनी, डीओ पडलंय चुकून, एमडी करून टाकू ना?" मी म्हटलं चुकून नाही, डीओच आहे. तर म्हणे, "हां हां, ते फिजिओथेरपीसारखं, छान छान." त्या 'छान छान'ने माझं जे डोकं फिरलंय ते चार दिवस झाले जाग्यावर आलेलं नाही.

खरं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वी मीही काकांसारखंच बोलले असते. एमडीचा अर्ज ॲमकॅस नावाच्या पोर्टलमधून आणि डीओचा आकोमासमधून, हे पण मला फी भरताना कळलं. आता निदान इतकं ठाऊक आहे की डीओला पन्नासच्या पन्नास राज्यांत पूर्ण लायसन्स मिळतं, औषधं लिहून देतात, सर्जरी करतात, अभ्यास तोच चार वर्षांचा आणि वर साधारण २०० तास ओएमएम, म्हणजे हाताने तपासून, दाबून, ओढून, सांधे मोकळे करायचं शिक्षण. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरांनी १८७४ मध्ये हे डोक्यात घेतलं आणि १८९२ ला मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं, पहिल्याच बॅचमध्ये बायका होत्या, हे मी घरी सगळ्यांना ऐकवून झालंय.

पण भारतात फोनवर कसं सांगणार? सांगलीला सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हाडवैद्य." आणि अख्ख्या बिल्डिंगला तेच सांगून आल्या. पुण्याचे चुलत दीर स्वतः डॉक्टर आहेत, त्यांना वाटलं ती डोळ्यांची डॉक्टर होणार, कारण तिकडे डीओ म्हणजे डिप्लोमा इन ऑफ्थॅल्मॉलॉजी.

आता मुद्दा. मी लेकीला म्हटलं तूच पाठव काय काय केलंस ते, तर तिने व्हॉट्सॲपवर पाठवलं: सोमा चॅप्टर प्रेसिडेंट, सिग्मा सिग्मा फाय, टच गोल्ड, फ्री क्लिनिक, ओएमएम फेलो. बास, एवढंच. खाली, "आई मी रोटेशनच्या (हॉस्पिटलात फिरून शिकण्याच्या) कागदपत्रांत आहे, नंतर बोलू." सोमा ही डीओ विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना हे मी शोधून काढलं. सिग्मा सिग्मा फाय बघून नवरा म्हणाला हे ग्रीक अक्षरवाले पार्टी करणारे क्लब ना, ही कधीपासून? टच म्हणजे समाजसेवेचे तास मोजतात, ५० ला सिल्व्हर, १०० ला गोल्ड, फूड बँकेत उभी असते, जत्रेत लोकांचं बीपी मोजते, ते मला माहीत होतं पण त्याचं मेडलबिडल असतं हे नवीन.

आणि फेलो! ही फेलोशिप घेतली की कॉलेज चारच्या ऐवजी पाच वर्षांचं होणार. दुसऱ्या वर्षानंतर ती तिथेच राहून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ओएमएम लॅब शिकवणार. नवऱ्याची ठाम समजूत की पोरगी कशात तरी नापास झालीय आणि आपल्याला गोड शब्दांत सांगतेय. मला तसं वाटत नाही, पण रात्री झोप उडते हेही खरंच.

तिकडे ती खूश आहे हे मात्र मला दिसतं. लॅबमध्ये जोड्या लावून एकमेकांवरच शिकतात, शॉर्ट्स आणि टीशर्ट घालून टेबलावर पडायचं, आज मी पेशंट उद्या तू, त्यामुळे पहिल्या महिन्यातच सगळ्यांना सगळ्यांची दुखरी पाठ माहीत. एवढी लाजरी पोर, आता घरी आली की दारातच विचारते "बाबा, मान कुठल्या बाजूला वळत नाही?" परीक्षेच्या आधी कोणाच्या तरी घरी सगळे जमतात, ही पोहे करून नेते, एक मुलगा कुठल्या गावचा आहे त्याची आई मक्याचं काहीतरी पाठवते, आणि हाडांची नावं म्हणत जेवतात.

तर जाणकारांनो, हे फेलो म्हणजे नक्की मानाचं आहे की भानगड? पुढे मॅचमध्ये (डिग्रीनंतर रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या जागा वाटतात त्यात) एक वर्ष जास्त लागलेलं वाईट दिसतं का? आणि हे सगळं मराठीत, काकांना कळेल असं, ६० शब्दांत कसं लिहू?

कृष्णाकाठ: मी मिशिगनमध्ये इंटर्नल मेडिसिनला आहे (एमडी). इकडे मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचंच डीओ कॉलेज आहे, १९६९ पासून, त्यामुळे डीओ पावलोपावली, आणि कोण कोणतं ते बॅज वाचल्याशिवाय कळत नाही. रेसिडेन्सीचं म्हणाल तर २०२० पासून दोन्हींची मान्यता एकाच छत्राखाली आहे, २०२४ च्या मॅचमध्ये शेवटच्या वर्षाच्या डीओ विद्यार्थ्यांपैकी ९२ टक्क्यांवर मुलांना जागा मिळाल्या. फेलोबद्दल: ही निवड असते, अर्ज, मुलाखत, लॅबमधलं काम बघून. नापास मुलाला ज्युनियरांना शिकवायला कोण उभं करेल? तुमच्या मिस्टरांना सांगा ऑफर लेटर मागा. बऱ्याच कॉलेजांत फी माफी किंवा स्टायपेंड असतो, नापासाला कोणी स्टायपेंड देत नाही.

ताकभात: अभिनंदन, पण थोडं कडू पण बोलतो. डीओ कॉलेजांत एमकॅटचा (प्रवेश परीक्षेचा) सरासरी स्कोअर एमडीपेक्षा कमी असतो आणि डर्मॅटॉलॉजी, न्यूरोसर्जरी वगैरेला डीओंना जास्त झगडावं लागतं. बरीच मुलं म्हणून कॉमलेक्सबरोबर (डीओंची लायसन्सची परीक्षा) यूएसएमएलई (एमडींची) पण देतात, डबल परीक्षा डबल फी. आणि ते डोक्याची हाडं हलवणारं क्रेनियल प्रकरण, त्याला पुरावा नाही. स्मरणिकेत लिहा पण हुरळून जाऊ नका.

सांगलीकर_जर्सीत (धागाकर्ती): @ताकभात, कडू चालेल, त्यासाठीच विचारलं. क्रेनियलचं लेकच म्हणते, "ते परीक्षेपुरतं." तिला फॅमिली मेडिसिन करायचंय, त्यामुळे डर्मॅटॉलॉजीवाल्यांना त्यांची त्वचा लखलाभ. सासूबाईंचा आखडलेला खांदा मात्र तिने गेल्या डिसेंबरात रोज अर्धा तास हळूहळू फिरवला, स्पेन्सर की काय म्हणतात ते. सासूबाई म्हणाल्या मालीश छान करते.

तिसरं_वर्ष_चालू: काकू मी पण डीओ ला आहे, थर्ड इयर, मराठी टायपिंग स्लो आहे सॉरी. सिग्मा सिग्मा फाय पार्टीवालं नाही 😂 ती ऑनर सोसायटी आहे १९२५ पासूनची, मार्क्स आणि सर्व्हिस दोन्ही बघतात. स्मरणिकेत ते नाव नका लिहू, कोणाला कळणार नाही. टच गोल्ड लिहा, ते तास खरंच उभं राहून केलेले असतात, मी सिल्व्हरवरच अडकले. आणि फेलो सगळ्यात वर लिहा. आमच्या कॉलेजात फेलो म्हणजे प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री ज्यांना सगळे मेसेज करतात ते. मला एक टेक्निक येत नव्हतं तर एक फेलो रात्री दहाला लॅब उघडून बसली होती माझ्यासाठी. तुमची लेक ते करणार आहे, एक वर्ष गेलं तर जाऊदे.

वाळवंटातला_आंबा: कॅलिफोर्नियातून लिहितोय. त्या काकांना एक गोष्ट सांगा. १९६२ मध्ये आमच्या राज्यात सुमारे २००० डीओंना ६५ डॉलर भरून एमडीची पदवी दिली होती, कारण डीओ हा प्रकारच राज्यातून संपवायचा होता. नव्या डीओंना लायसन्स देणं बंद, ते थेट १९७४ मध्ये कोर्टाने पुन्हा सुरू करायला लावलं. तुमचे काका तर एका फोनवर फुकटात एमडी करून देत होते, दर बराच उतरलाय.

सांगलीकर_जर्सीत (धागाकर्ती): @वाळवंटातला_आंबा, हे मी काकांना शब्दशः ऐकवलं. गप्प झाले.

अपडेट: लेटर मागवलं. निवड झाल्याचं स्वच्छ लिहिलंय आणि स्टायपेंड आहे, फार नाही पण आहे. नवऱ्याने दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाला, "मला आधीपासून वाटतच होतं." मी काही बोलले नाही.

सगळ्यांचं ऐकून हे केलंय (सुरुवातीचे नाव-आडनावाचे दोन शब्द इथे गाळलेत):

"ऑस्टिओपॅथिक मेडिसिन (डीओ), दुसरं वर्ष. डीओ हे अमेरिकेतले एमडीसारखेच पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतात. वर्गातून विद्यार्थी-शिक्षक म्हणून निवड, पुढचं एक वर्ष पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हाताने तपासायला आणि उपचार करायला शिकवणार. शंभर तासांहून जास्त समाजसेवेबद्दल राष्ट्रीय पातळीवरचा गोल्ड सन्मान. शनिवारच्या मोफत दवाखान्यात नियमित काम. राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेच्या कॉलेज शाखेची अध्यक्ष. सुट्टीत घरी आल्यावर आईबाबांच्या मानेवर सराव. मूळ गाव सांगली. आजीच्या मते हाडवैद्य."

काकांना पाठवलं. उत्तर आलं: "उत्तम. पण ६२ होतायत, दोन काढा." शेवटचं वाक्य मी काढणार नाही, सासूबाई स्मरणिका मागवून घेणार आहेत. नवरा म्हणतो 'मूळ गाव' काढ, नुसतं सांगली ठेव, पण मग ते लोंबकळतं. उद्या सकाळपर्यंत द्यायचंय, सुचवा.