गाडीच्या एका केसमुळे मॅनेजर्स सर्टिफिकेटचं रिन्यूअल अडवणं बरोबर आहे का? (न्यूझीलंड)

वायकाटोकर
इथे बॉटल शॉपवर आणि बारमध्ये आपली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारतो. माझ्यासोबत काम करणारा एक नगरकडचा मुलगा रिसेप्शनहून घरी येताना ब्रेथ टेस्टमध्ये 400 च्या वर (श्वासाच्या लिटरमागे मायक्रोग्रॅम अल्कोहोल) सापडला. कोर्टाने दंड केला, सहा महिने गाडीचं लायसन्स बंद केलं. ते सगळं भोगून झालं. आता सर्टिफिकेटची मुदत संपत आली आहे आणि पोलिसांनी रिन्यूअलला विरोध कळवला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 2012 च्या दारूविक्री कायद्याप्रमाणे विक्री चालू असेपर्यंत सर्टिफिकेट असलेला मॅनेजर ड्यूटीवर असावाच लागतो. पहिलं सर्टिफिकेट एक वर्षाचं, मग दर तीन वर्षांनी रिन्यूअल. अर्ज कौन्सिलच्या लायसन्सिंग कमिटीकडे जातो, पोलीस आणि इन्स्पेक्टर त्यावर रिपोर्ट देतात.

माझा आक्षेप असा. रिन्यूअलच्या कलम 227 मध्ये झालेली शिक्षा बघायला सांगितलंय, तसं त्या माणसाने विक्री कशी सांभाळली हेही बघायला सांगितलंय. पण चर्चा होते ती फक्त 'दोन वर्षं झाली का?' एवढीच. हे दोन वर्षांचं माप 1995 च्या एका निकालातून आलं: गंभीर गुन्हा असेल तर पाच वर्षं स्वच्छ हवीत, पिऊन गाडी चालवल्याची एखादीच केस असेल तर निदान दोन. नवा अर्जदार असेल तर ठीक, त्याच्याकडे दाखवायला दुसरं काही नसतं. याच्याकडे कामाची पूर्ण नोंद आहे. अल्पवयीन पोरांना पाठवून पोलीस तपासणी करतात, त्यात हा एकदाही चुकलेला नाही. त्याला काही किंमत आहे की नाही?

टाकापुनाची ताई
मी बार चालवते आणि मला पोलिसांचं पटतं. ड्यूटी मॅनेजरचं खरं काम कोणतं? समोरच्याला चढली आहे हे ओळखायचं आणि तो कितीही चिडला तरी 'आता बास' म्हणायचं. शुक्रवारी रात्री अकराला तिथे ना इन्स्पेक्टर असतो ना पोलीस. असतो तो त्या एका माणसाचा विवेक. तोच स्वतःला थांबवू शकला नाही आणि किल्ली हातात घेतली.

शिवाय 400 म्हणजे थोडीशी जास्त नव्हे. 2014 च्या डिसेंबरपासून मर्यादा 250 वर आली. 250 ते 400 मध्ये फक्त दंड आणि डिमेरिट पॉइंट लागतात, केस होत नाही. हा त्याच्याही पुढे गेला होता.

शिफ्ट संपली
ताई, बार वेगळा आणि बॉटल शॉप वेगळं. आमच्याकडे गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबतं. आणि एका चुकीला किती शिक्षा? कोर्टाने दिली ती झाली. आता सर्टिफिकेट गेलं की मालक रोस्टरवर ठेवणार नाही, आणि ज्याचा व्हिसा त्याच नोकरीवर आहे त्याचं घरदारच हलतं. पोरांच्या शाळा इथे असतात हो.

टाकापुनाची ताई
त्याच्या पोरांचं मलाही वाईट वाटतं. पण व्हिसाचा प्रश्न कमिटीपुढे नसतो, आणि नसावाच. रस्त्यावर त्या रात्री दुसऱ्यांचीही पोरं होती.

पामरस्टनहून
वाद चालू द्या, पण त्या मुलाच्या कामाचं आधी सांगतो. अर्जात शिक्षा लिहिली आहे ना? 'क्लीन स्लेट आहे, लिहू नकोस' असं सांगणारे भेटतात. जुनी शिक्षा न सांगण्याची मुभा देणाऱ्या 2004 च्या त्या कायद्याचा फायदा सात वर्षं एकही शिक्षा नसेल तरच मिळतो. पोलिसांच्या रिपोर्टात केस येणारच, आणि लपवलेली निघाली तर मूळ केसपेक्षा ते लपवणंच जास्त नडतं.

मुदत संपायच्या आत अर्ज गेला असेल तर निकाल लागेपर्यंत जुनं सर्टिफिकेट चालू राहतं, म्हणून घाबरून राजीनामा देऊ नये. विरोध असल्यामुळे सुनावणी होईल. दारूबाबत कोर्स किंवा समुपदेशन केलं असेल तर त्याचे कागद न्यावेत. कमिटी पूर्ण तीन वर्षांऐवजी कमी मुदतीचं रिन्यूअलही देऊ शकते, ते स्वतःहून मागावं. निकाल विरोधात गेला तर कामाच्या दहा दिवसांत वरच्या प्राधिकरणाकडे अपील करता येतं.

सातारकर
आपल्याकडे परमिट रूममध्ये नोकरनामा (दारू देणाऱ्या नोकराचा परवाना) असतो, तो मालकाच्या लायसन्सला जोडलेला. इथलं सर्टिफिकेट माणसाच्या नावावर, तो उद्या कुठल्याही बारमध्ये उभा राहू शकतो. म्हणून 'आमचं तर बॉटल शॉप आहे' हा मुद्दा मला टिकणारा वाटत नाही.

वायकाटोकर
सातारकरांचं मान्य. अर्जात त्याने शिक्षा लिहिली आहे, तारखेसकट. कमी मुदतीचं सुचवलंत ते मी त्याला आजच सांगतो. ताई, तुमचं म्हणणं कळतं, पण माझा मुद्दा तसाच राहतो. 1995 च्या निकालातच म्हटलंय की हे माप बंधनकारक नाही. मग पोलिसांच्या रिपोर्टात त्याच्या काउंटरवरच्या वागण्याबद्दल एक ओळही का नसावी? मुलं येऊन मोठ्या भावाचं कार्ड दाखवायची, तेव्हा त्याने परत पाठवलेली मी पाहिली आहेत. एकदा तर मालकाच्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणाला, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली.

टाकापुनाची ताई
हे शेवटचं आधी का नाही लिहिलंत? मालकाच्या माणसाला नाही म्हणणारे मी फार कमी पाहिलेत. नुसतं पत्र देऊ नका. सुनावणीला स्वतः जा, साक्षीला उभे राहा. कमिटी प्रश्न विचारेल, तेव्हा तारीख आणि वेळ सांगता आली पाहिजे. दुकानात नकारांची नोंदवही असेल तर ती आधी शोधा.