हॅमर्सलीचं लोहखनिज २५० कोटी वर्षांचं की १४० ते ११० कोटी?

गाळखडक: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सलीच्या लोहखनिजाचं वय एके ठिकाणी सुमारे २५० कोटी वर्षं दिलंय, दुसरीकडे १४० ते ११० कोटी. यातलं खरं कुठलं? आणि लोखंडाच्या दगडाचं वय काढतात तरी कसं?

मार्टाइट: दोन्ही खरी. पहिलं वय मूळ खडकाचं, दुसरं धातुकाचं, म्हणजे त्याच खडकातून पुढे घडलेल्या लोहसमृद्ध मालाचं.

२५० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात प्राणवायू जवळजवळ नव्हता, म्हणून फेरस लोह पाण्यात विरघळून राहायचं. त्याचं ऑक्सिडीकरण झालं की ते गाळ होऊन तळाशी बसे. लोहाचा थर, त्यावर सिलिकाचा, पुन्हा लोहाचा, काही पापुद्रे तर मिलिमीटरभरच. हा पट्टित लोहपाषाण. पण त्यात लोह जेमतेम ३० टक्के, आणि बाजारात चालतो तो ६० च्या वरचा माल. हिशेब करून बघा: १०० किलो दगडात ३० किलो लोह. तेच ६४ टक्के व्हायचं तर दगड ४७ किलोच उरायला हवा. म्हणजे ५३ किलो, त्यातही मुख्यतः सिलिका, पाण्याने विरघळवून नेली. हे केव्हा घडलं, ते दुसरं वय.

पहिलं वय झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांवरून येतं. लोहपाषाणाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचे पातळ पट्टे सापडतात, त्यातले झिरकॉन वेचून युरेनियम-शिसं मोजतात: युरेनियमचं ठरावीक वेगाने शिसं होत जातं, त्यावरून वय. राखेत जुन्या खडकांतले झिरकॉनही मिसळलेले असतात. ते धरले तर वय फुगतं. म्हणून शिसं न गमावलेल्या, एकमेकांशी जुळणाऱ्या सर्वांत तरुण कणांचा गट घ्यायचा.

लेझरखड्डा: धातुकाचं वय त्यातल्या हेमेटाइट या लोह ऑक्साइडवरूनच थेट काढता येतं. २०२४ साली कर्टिन विद्यापीठाच्या गटाने तेच केलं, १४० ते ११० कोटी हा आकडा तिथला. हेमेटाइट स्फटिकताना थोडं युरेनियम आत घेतं. तुकडा घासून गुळगुळीत करायचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हेमेटाइटच्या आधीच्या-नंतरच्या पिढ्या ओळखायच्या, मगच लेझर मारायचा. हे टाळलं की घोळ: मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोह ऑक्साइडचं बदलून झालेलं हेमेटाइट (मार्टाइट) आणि त्यावर नंतर वाढलेलं पत्रीदार हेमेटाइट, असा दोन्हींवर पडलेला एक खड्डा ‘मधलं’ वय देतो आणि त्या वयाला काहीच घडलेलं नसतं.

दुसरी डोकेदुखी म्हणजे सुरुवातीपासून अडकलेलं शिसं. त्यासाठी अनेक खड्ड्यांचे बिंदू टेरा-वासरबर्ग आलेखावर, म्हणजे युरेनियम-शिशाच्या गुणोत्तरांच्या आलेखावर, मांडून रेषा काढतात. ती खाली आलेखावरच्या वयदर्शक वक्राला छेदते तिथे वय. सगळे बिंदू जुन्या शिशाच्या टोकाला गोळा झाले, तर रेषा कशीही फिरते. शिवाय मापांकनाचा, ज्ञात वयाचा प्रमाण नमुना हेमेटाइटचाच हवा. लेझर झिरकॉनवर वेगळा वागतो, त्याचं मापांकन इथे चालत नाही.

गाळखडक: पण तिथल्याच मॅकग्रा फॉर्मेशन या थराच्या पिंडाश्मात (गोटे सांधून झालेल्या खडकात) हेमेटाइट धातुकाचे गोटे आहेत ना? तो थर तर या १४० कोटींहून कितीतरी जुना, मग त्यातलं धातुक त्याहून तरुण कसं?

मार्टाइट: रास्त शंका. त्याच गोट्यांवरून आधी २०० कोटींच्या पलीकडचं वय मांडलं जात होतं. पण समृद्धीकरण, म्हणजे सिलिका जाऊन लोहाचं प्रमाण वाढणं, एकदाच होतं असं नाही. शिवाय गोटा आधी साध्या लोहपाषाणाचा असून गाडला गेल्यावर समृद्ध झाला असेल, तर तो पुरावा टिकत नाही. गोट्यातला पट्टा कडेला तुटतो की समृद्धी भोवतालच्या खडकातही शिरलीय, ते आधी बघायचं.

कातळसडा: गोव्याला मात्र हा आकडा लावू नका. तिथलाही लोहपाषाण आर्कियन, म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुना, पण सिलिका धुऊन नेणारं काम बरंचसं जांभा घडवणाऱ्या पावसाचं, तेही गेल्या काही कोटी वर्षांतलं. खाणीतली ‘ब्लू डस्ट’ म्हणजे सिलिकाचा सांधा निघून गेलेलं हेमेटाइट, चिमटीत घेतलं तरी भुकटी होते.

अशा तरुण मालासाठी गोएथाइट या पाणीयुक्त लोह ऑक्साइडवर युरेनियम-थोरियम-हेलियम पद्धत: या दोन मूलद्रव्यांच्या क्षयातून साठलेल्या हेलियमवरून वय. कण लेझरने तापवून हेलियम मोजायचा, मग आम्लात विरघळवून युरेनियम आणि थोरियम. फार तापवलं तर युरेनियम उडतं आणि वय खोटं म्हातारं येतं. बारीक स्फटिकांतून हेलियम आधीच निसटला असेल तर उलट, खोटं तरुण. जवळ पोटॅशियमयुक्त मँगनीज ऑक्साइड मिळालं तर त्यावर आर्गॉन-आर्गॉन (पोटॅशियमपासून बनलेल्या आर्गॉनवरून वय काढायची पद्धत) करून पडताळा घ्या.