पुरळ येणाऱ्या चेहऱ्यावरचा मेकअप कशानं काढायचा? (कोल्हापूर)

राजारामपुरी_आठवी_गल्ली

नमस्कार. त्वचा तेलकट आहे, हनुवटीवर आणि गालांवर पुरळ, नाकावर काळे ठिपके. कामामुळे आठवड्यातले पाच दिवस मेकअप लागतोच: सनस्क्रीन, लाँग-स्टे फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, वॉटरप्रूफ काजळ. डॉक्टरांनी पुरळासाठी रात्री लावायला ॲडापॅलीन ०.१ टक्का जेल दिलंय. सध्या वाइप्सनं मेकअप काढते, पण गाल लाल होतात आणि जेल लावलं की झोंबतं. घरी सगळे म्हणतात खोबरेल लाव. दुकानात मायसेलर वॉटर (सौम्य साबणद्रव्य घातलेलं मेकअप काढायचं पाणी), क्लेन्झिंग ऑइल, बाम असं सगळं पुढं मांडतात आणि प्रत्येकावर ‘नॉन-कोमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं असतं. यातलं काय घ्यावं, कसं वापरावं आणि बाटलीवर नक्की काय वाचावं, जरा नीट सांगा की.

रंगपट_ते_मांडव

ताई, पहिल्यांदा वाइप्स बंद करा, अगदी आजपासून. वाइपमध्ये मेकअप सोडवणारं द्रव्य थोडं आणि घासणं जास्त. लाँग-स्टे फाउंडेशनमध्ये सिलिकोन आणि चेहऱ्यावर पातळ पापुद्रा धरणारी रेझिनं असतात. ती नुसत्या पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून हात आपोआप जोर लावतो. वर वाइपमधलं साबणद्रव्य, सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह न धुता तसंच चेहऱ्यावर राहतं, आणि त्याच्यावर तुम्ही ॲडापॅलीन लावता. झोंबणारच. घासलेल्या पुरळाचा आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळा डाग पडतो. पुरळ बसतं, डाग मात्र कित्येक महिने रेंगाळतो.

तुमच्या मेकअपला क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम योग्य, पण एका अटीवर: पाणी लागलं की त्याचं दूध झालं पाहिजे आणि ते पूर्ण धुऊन गेलं पाहिजे. तेल मेकअप सोडवतं, पण ते चेहऱ्यावरून उतरवायला त्यात इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा घटक, असावा लागतो. तो आहे की नाही हे घरी मिनिटभरात कळतं. काचेच्या पेल्यात कोमट पाणी घ्या, चार थेंब टाका, चमच्यानं ढवळा. पाणी पांढरट, दुधाळ झालं तर माल बरोबर. सोन्यासारखे गोल थेंब परत वर येऊन एकमेकांना चिकटले, तर ते नुसतं तेल आहे. तुमच्या चेहऱ्यासाठी ते घेऊ नका, बाटली कितीही महाग असली तरी.

आता पद्धत. नव्वद टक्के तक्रारी इथंच जन्मतात. चेहरा कोरडा आणि हातही कोरडे हवेत. हात ओले असतील तर तेल तळहातावरच दूध होतं आणि मेकअपपर्यंत पोचतच नाही. ऑइल असेल तर २ ते ३ पंप, बाम असेल तर लहान बोराएवढा. तळहातावर पसरवून बोटांच्या पेरांनी हलकं फिरवा, ३० ते ४५ सेकंद, नाकाच्या बाजू आणि हनुवटीची खाच धरून. एक मिनिटाच्या वर जाऊ नका. ‘ठिपके बाहेर पडेपर्यंत चोळा’ असे व्हिडिओ फिरतात, ते अजिबात करू नका. त्यानं पुरळ चिडतं. मग हात ओले करून तेच परत फिरवा. चेहऱ्यावर दूध दिसलं की अजून १५-२० सेकंद, मग भरपूर कोमट पाण्यानं धुवा. ही मधली दुधाची पायरी लोक गाळतात, थेट पाणी मारतात, आणि मग तेलकट थर राहिला म्हणून ऑइललाच नावं ठेवतात. केसांच्या रेषेशी, कानाजवळ आणि जबड्याखाली हमखास राहतं. ‘बामनं पुरळ आलं’ म्हणणाऱ्यांना बरेचदा नेमकं तिथंच आलेलं असतं.

त्यानंतर साधा, सौम्य फेसवॉश, सुमारे ३० सेकंद. टॉवेलनं पुसू नका, टिपा.

मायसेलर वॉटर वाईट नाही. नुसतं सनस्क्रीन आणि कॉम्पॅक्ट असेल त्या दिवशी तेच घ्या. कापसाचा पॅड निथळेल इतका भिजवा. पॅड अर्धवट कोरडा असला की तो वाइपच झाला. चेहऱ्यावर १०-१५ सेकंद टेकवून ठेवा, मग एकाच दिशेला ओढा. पॅड रंगला की नवा घ्या. ‘धुण्याची गरज नाही’ असं बाटलीवर लिहिलं असलं तरी तुम्ही धुवाच.

मंगळवारपेठेतला

खोबरेलाला एवढं का टाळायचं? नाटकाच्या रंगपटात जाड ग्रीसपेंट खोबरेलानंच काढत आलेत लोक. मेकअप तर लोण्यासारखा निघतो. नंतर बेसनानं धुतलं की झालं.

फार्मसी_शाहूपुरी

दादा, मेकअप निघतो हे खरंच. तेलात तेल विरघळतं, त्यामुळे ग्रीसपेंट निघणारच, आणि ज्याला पुरळ येत नाही त्याचं काही बिघडतही नाही. अडचण काढून झाल्यावरची आहे. खोबरेलात इमल्सिफायर नसतो, म्हणून ते पाण्यानं जात नाही. ते घालवायला बेसन नाहीतर साबण घासावा लागतो, म्हणजे आधी छिद्रं बुजवायची आणि मग चेहरा खरवडायचा. शिवाय खोबरेल हे छिद्रं बुजवणाऱ्या तेलांत मोडतं. प्रश्न विचारणाऱ्या ताईंची त्वचा ॲडापॅलीनमुळे आधीच नाजूक झाली आहे. त्यांच्यासाठी खोबरेल नको, केसांना खुशाल लावा.

आता लेबलबद्दल. ‘नॉन-कोमेडोजेनिक’ या शब्दाला ठरलेली अशी एकच कसोटी नाही. कंपनी आपल्या चाचणीवर तो छापते. इंटरनेटवरचे ० ते ५ गुणांचे तक्तेही मुळात सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांवरून आलेत आणि तेही सुट्या घटकांचे. धुऊन टाकायच्या तयार मालाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. म्हणून तक्ता पाठ करण्यापेक्षा मागची घटकयादी वाचायला शिका. यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. १ टक्क्याच्या आतले घटक मात्र कुठल्याही क्रमानं येऊ शकतात.

ऑइल-बाममध्ये पॉलिसॉर्बेट, पीईजी-२० ग्लिसरिल ट्रायआयसोस्टिअरेट किंवा सॉर्बेथ-३० टेट्राओलिएट यांपैकी काही दिसलं, तर इमल्सिफायर आहे असं समजा. मुख्य तेल म्हणून मिनरल ऑइल पाहून घाबरू नका. सौंदर्यप्रसाधनांत वापरतात ते शुद्ध केलेलं असतं आणि छिद्रं बुजवत नाही. त्याची बदनामी विनाकारण झाली आहे. पहिल्या चार-पाच नावांत आयसोप्रोपिल मायरिस्टेट, आयसोप्रोपिल पामिटेट, खोबरेल किंवा कोको बटर असेल तर बाटली परत ठेवा. लॅव्हेंडर, लिंबू, संत्र्याची सुगंधी तेलंही तुम्हाला नकोत. मायसेलर घेताना पोलोक्झामर किंवा पीईजी-६ कॅप्रिलिक/कॅप्रिक ग्लिसराइड्स ही सौम्य साबणद्रव्यं चांगली. अल्कोहोल डिनॅट (त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल) वरच्या नावांत असेल तर टाळा.

बाहेरच्या देशातला बाम घेणार असाल तर डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक पाहा. ‘सौंदर्यप्रसाधन नियम २०२०’ प्रमाणे ते छापावं लागतं. नसेल तर कितीही स्वस्त पडो, चेहऱ्याला लावू नका. उघड्या डबीच्या चिन्हात ‘१२एम’ असेल तर उघडल्यापासून १२ महिने. बाम नेहमी कोरड्या चमचीनं काढा, ओलं बोट घातलं की डबीत जंतू वाढायची सोय होते.

ॲडापॅलीनचा क्रम असा ठेवा: चेहरा धुऊन टिपा, १५-२० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या, मग सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं जेल. ओल्या त्वचेवर ते जास्त चुरचुरतं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांची खाच आणि ओठांचे कोपरे सोडा. जेल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे पुरळ वाढल्यासारखं दिसू शकतं, तेव्हा दोष लगेच रिमूव्हरला देऊ नका. एका वेळी एकच वस्तू बदला. जळजळ, लाली, खाज ही मिनिटांत किंवा एक-दोन दिवसांत कळते, पण छिद्रं बुजून पुरळ यायला काही आठवडे लागतात. म्हणून नवा बाम आधी जबड्याच्या एका बाजूला आठवडाभर लावा, मग पूर्ण चेहऱ्याला महिनाभर देऊन ठरवा.

पुरळ कसं आहे तेही आरशात जवळून पाहा. कपाळावर, केसांच्या रेषेशी सगळे दाणे एकाच आकाराचे असतील आणि खाज येत असेल, तर ते नेहमीचं पुरळ नसून मलासेझिया नावाच्या बुरशीचं असू शकतं. तिला बऱ्याच वनस्पतीतेलांतली आम्लं पोसतात, आणि तिथं ॲडापॅलीनवर भिस्त ठेवून भागत नाही. अशा वेळी बाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. सीपीआरमध्ये (आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) त्वचारोग विभाग आहे. आणि हात जोडून सांगतो, पुरळावर कुणाच्या सांगण्यावरून ‘मिक्स’ क्रीम लावू नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो, मग पुरळ दुपटीनं उसळतं.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. काजळ यानं निघेल का? आणि आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड. फेसवॉशनंतरही चेहरा ओढल्यासारखा होतो.

रंगपट_ते_मांडव

काजळाला बाम पापण्यांच्या बाहेरून चालतो, पण आतल्या कडेला नेऊ नका. डोळ्यात धुकं धरतं. वॉटरप्रूफ काजळ-मस्काऱ्यासाठी दोन थरांचा आय-मेकअप रिमूव्हर घ्या, वर तेलकट आणि खाली पाणी. वापरायच्या आधी बाटली जोरात हलवा. न हलवता ओतलं तर पॅडवर नुसता वरचा थर येतो. लेन्स असतील तर आधी त्या काढा. पॅड बंद पापणीवर २० ते ३० सेकंद धरा, मग खाली ओढा. पापणीच्या मुळाशी राहिलेलं काजळ इअरबडचं टोक त्याच रिमूव्हरमध्ये बुडवून टिपा. हे काम चेहऱ्याच्या बामच्या आधी करा, म्हणजे डोळ्यांखाली उतरलेला काळा तेलकटपणा बाम आणि फेसवॉशमध्ये धुऊन निघतो. टिकलीचा गोंद राहिला असेल तर त्यावर बामचा ठिपका मिनिटभर ठेवा, नखानं खरवडू नका.

फार्मसी_शाहूपुरी

जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. साबणाच्या वडीशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट थर बनतो, बादलीच्या कडेला दिसतो तोच. तो चेहऱ्यावरही बसतो. वर साबणाचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ९-१० च्या घरात आणि त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणून ओढल्यासारखं होतं. फेसवॉशच्या यादीत सोडियम पामेट, सोडियम कोकोएट किंवा पोटॅशियमची तशीच नावं वर असतील तर तो साबणच आहे, जेल दिसत असला तरी. त्याऐवजी सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा डेसिल ग्लुकोसाइड असलेला घ्या. हे जड पाण्यातही थर धरत नाहीत. दुसरी पायरी म्हणून सॅलिसिलिक ॲसिडवाला फेसवॉश तूर्त नको, ॲडापॅलीनबरोबर तो त्वचा जास्त कोरडी करेल. शेवटचं खळखळून धुणं पिण्याच्या पाण्यानं, दोन-तीन तांबे घेऊन केलंत तरी फरक पडतो.

जोतिबा_रोड

यात्रेतला किंवा मिरवणुकीतला गुलाल मेकअपवर बसला तर हीच पद्धत का?

रंगपट_ते_मांडव

हीच, फक्त आधी एक पायरी. पाणी लावायच्या अगोदर कोरड्या मऊ ब्रशनं किंवा मलमलीच्या कापडानं गुलाल हलकेच झटका, डोळे मिटून. ओला गुलाल पसरतो, मग चोळावं लागतं. झटकून झालं की कोरड्या चेहऱ्यावर ऑइल, नेहमीपेक्षा एक पंप जास्त. दूध करून धुवा. गुलाबी छटा उरली तर ती त्याच रात्री काढायच्या मागं लागू नका. दुसऱ्या दिवशीच्या नेहमीच्या धुण्यात ती उतरते. त्या रात्री चेहरा लाल किंवा चुरचुरत असेल तर ॲडापॅलीनला सुट्टी द्या आणि साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.