भावंड असलेली शाळा पहिल्याच नंबरावर टाकायला हवी का?

पोटोमॅककर
वॉशिंग्टन डीसीत 'माय स्कूल डीसी'च्या, म्हणजे शहरातल्या सरकारी शाळांच्या प्रवेशाच्या एकत्रित सोडतीचा हंगाम आला की मराठी ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो: मोठं मूल ज्या शाळेत आहे ती पहिली टाका, नाहीतर भावंडाचं प्राधान्य वाया जातं. साफ चूक. अर्जात १२ शाळा भरता येतात. प्रत्येक शाळेची रांग आधी प्राधान्यगटाने लागते आणि गटाच्या आत मुलाला मिळालेल्या सोडत क्रमांकाने. तुम्ही ती शाळा पहिली टाकलीत की सातवी, याला त्या रांगेत किंमत शून्य. वरच्या दोन शाळांत जागा मिळाली नाही तर अर्ज तिसरीकडे जातो आणि तिथे भावंडाचं प्राधान्य पूर्णच्या पूर्ण लागतं. तोवर कुणी तात्पुरतं त्या जागेवर बसलं असेल आणि रांगेत तुमच्या मागे असेल, तर ते उठतं.

उलट तीच शाळा पहिली टाकून मिळाली की खालच्या अकरा बाद. प्रतीक्षायादीत नाव राहतं ते फक्त मिळालेल्या शाळेच्या वर लिहिलेल्या शाळांत. म्हणून दुसरी एखादी खरोखर जास्त हवी असेल तर ती वर, भावंडाची खाली. फक्त यादीतून गाळू नका, न लिहिलेल्या शाळेत कसलंच प्राधान्य नाही.

हा सल्ला बहुधा जुन्या बॉस्टन पद्धतीचा उरलेला वास असावा. तिथे आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीच्या जागा वाटून टाकत, मग दुसऱ्या. चांगली शाळा दुसरी लिहिली की संपलं. २००५ मध्ये बॉस्टननेही ती सोडली.

शेंडेफळ
एका मुलाचा अर्ज असेल तर सगळं मान्य. दोघांचे अर्ज एकाच वर्षी असतील तर 'मनातला खरा क्रम लिहा' एवढ्याने भागत नाही.

समजा थोरला किंडरगार्टनसाठी (पाच वर्षांच्यांचा वर्ग), धाकटी पीके-३ साठी (तीन वर्षांच्यांचा). दोघांच्या यादीत अ शाळा वर, ब खाली. सोडत क्रमांक प्रत्येकाचा वेगळा. थोरल्याला ब मिळाली, धाकटीला अ. आता ब धाकटीच्या यादीत अ च्या खाली, म्हणजे तिथून तिचं नाव गेलं. थोरल्याला 'भावंडाला जागा मिळाली' या गटाचं प्राधान्य अ च्या प्रतीक्षायादीत मिळतं, नंबर वर सरकतो, पण किंडरगार्टनची जागा सुटली तरच उपयोग. एकत्र राहणं अ पेक्षा महत्त्वाचं असेल, तर जिथे दोन्ही इयत्तांत जागा निघण्याची शक्यता जास्त ती शाळा दोघांच्या यादीत वर हवी. जोडीने अर्ज करणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांना मान्य होईल अशी वाटणी कधी कधी अस्तित्वातच नसते, हे अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ यांनी १९८४ मध्येच दाखवलंय.

चिलीत हे जास्त नीट हाताळलंय. २०१६ मध्ये मागायानेस प्रांतापासून सुरू झालेल्या त्यांच्या पद्धतीत वरच्या इयत्ता आधी वाटतात, मग खालच्या. कुटुंबाने 'मुलं एकत्र हवीत' असं कळवलं तर मोठ्याला मिळालेली शाळा धाकट्याच्या यादीत आपोआप वर जाते.

पोटोमॅककर
हो, पण तुम्ही सांगताय तोही खरा क्रमच झाला की! फक्त मुलाचा नाही, घराचा. डावपेच नव्हे.

आकडेमोड
क्रम कसाही लावा, माझा आक्षेप प्राधान्यावरच आहे. हद्दीच्या, म्हणजे घराच्या पत्त्यावरून ठरलेल्या सरकारी शाळेत एक वेळ ठीक: पीके-३ ला हद्दीतलं भावंडवालं मूल पहिलं, मग हद्दीतलं बिनभावंडाचं, हद्दीबाहेरचं भावंड त्यानंतर. चार्टर शाळेला (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणारी) हद्दच नाही. तिथे ३० जागा आणि १८ भावंडं असतील तर उरलेल्या १२ जागांवर सगळं शहर. पहिलं किंवा एकुलतं एक मूल, नुकतं गावात आलेलं कुटुंब, सगळे त्या बारांत. एकदा सोडत लागली की त्या घराला पुढच्या मुलांसाठी जवळपास पास मिळतो. ही सोडत आहे की वतन?

दिल्लीच्या खाजगी शाळांत नर्सरीला भावंडाचे गुण असतात, ते अंतराच्या गुणांत मिळवतात. म्हणजे जवळ राहणारं मूल निदान स्पर्धेत तरी राहतं. गट लावले की दारच बंद.

शेंडेफळ
वतन म्हणायचं तर वारसदार पाचवीनंतर बाहेर पडतो, हेही सांगा. मोठं मूल पुढच्या वर्षी त्याच शाळेत असणार असेल तरच प्राधान्य. पाचवीपर्यंतच्या शाळेत मोठा पाचवीत असेल तर धाकट्याला काही नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. चुलत-मावस भावंडं तर मोजतच नाहीत, एका घरात राहत असली तरी.

आणि प्राधान्य काढलंत तर काय होईल तेही मांडा. सकाळी दोन टोकांच्या दोन शाळा, दोन्हीकडे घंटा जवळपास एकाच वेळी. गाडी नसलेलं घर आधी हात टेकतं. ज्यांच्यासाठी तुम्ही भांडताय तेच.

आकडेमोड
पाचवीचा मुद्दा बरोबर. गाडीचाही. पण मग थेट गरजेवर जागा राखा. डीसीत काही शाळा बेघर, फॉस्टर केअरमधल्या (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेल्या) किंवा सरकारी मदतीवरच्या घरांतल्या मुलांसाठी जागा राखतातच. चिलीतही भावंडांनंतर लगेच गरजू मुलांसाठी १५ टक्के आहेत. माझं म्हणणं, क्रम उलटा करा: आधी ते, मग भावंडं.

ओसरी
वादात एक राहिलं. मोठ्याला सोडतीत मिळालेली जागा मुदतीत रहिवासाचे पुरावे देऊन पक्की केली नाही तर ती जाते, आणि धाकट्याचं प्राधान्य तिच्याच आधारावर उभं असतं. आणि हद्दीतल्या शाळेत किंडरगार्टनपासून पुढे सोडत लागतच नाही, सरळ नाव घालता येतं. मोठं मूल त्या वयाचं असेल तर त्याचं नाव तिथे आधी घाला. पीके-३ आणि पीके-४ ला मात्र हद्दीतल्यांनाही अर्ज भरावाच लागतो.